मुलाखती झाल्या, कोडिंग झालं, आता लिहायचं कसं? (गुणात्मक संशोधन)

शाईसांडली | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज अडलं म्हणून धागा काढतेय.

पीएचडीसाठी गुणात्मक संशोधन केलंय. विषय: घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं बघणारे लोक. १८ मुलाखती, प्रत्येक तास-सव्वा तासाची. प्रतिलेखनं (रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढलेलं सगळं बोलणं) ३४० पानं झाली. कोडिंग (बोलण्याच्या तुकड्यातुकड्याला अर्थाची चिठ्ठी लावणं) हातानेच केलं, २१२ कोड निघाले, ते घासूनपुसून सहा थीमवर, म्हणजे मुख्य सूत्रांवर आणले. इथपर्यंत सगळं छान होतं. निष्कर्षांचं प्रकरण लिहायला घेतलं आणि तिथे घोडं पेंड खातंय.

५२ पानं लिहून दिली. गाईडनी एकच ओळ लिहून परत पाठवली: "लोक काय म्हणाले ते कळलं. तू काय म्हणतेस?"

आता मी काय म्हणणार? सहभागींचा आवाज महत्त्वाचा, असं चार वर्षं ऐकत आलेय. तो जसाच्या तसा ठेवला तर हे. नमुना म्हणून एक परिच्छेद देते (संमतीपत्रात बसतं, ओळख पटेल असं काही नाही):

"४.३ देखभालीतील अडचणी. सहभागींनी देखभाल करताना अनेक अडचणी येत असल्याचे सांगितले. एक सहभागी म्हणाली, 'औषधं मी देते. रात्री उठायचं तेही मीच. तसा त्रास काही नाही.' (स-७). दुसऱ्या सहभागीने सांगितले, 'झोप म्हणून होत नाही.' (स-१२). आणखी एका सहभागीच्या मते, 'बाहेर पडणं संपलं.' (स-३). यावरून असे दिसून येते की देखभाल करणाऱ्यांना अनेक अडचणींना सामोरे जावे लागते."

सगळं प्रकरण असंच आहे. झोडपा.

वाचनवेडा | मंगळवार, रात्री १२:१०

माझंही हेच रडगाणं, फक्त पानं ७०. बसतो इथेच.

तिसरा_मसुदा | मंगळवार, सकाळी ७:१५

गाईडनी नेमकं दुखणं पकडलंय. तुमचा परिच्छेद पुन्हा वाचा. पहिलं वाक्य: अडचणी येतात. शेवटचं वाक्य: अडचणी येतात. मध्ये तीन माणसं ओळीने उभी. वाचक जिथून निघाला तिथेच परत आला.

आधी शीर्षक. "देखभालीतील अडचणी" ही थीम नाही, तो विषय आहे. तुमच्या मुलाखतीच्या आराखड्यात "काय अडचणी येतात?" असा प्रश्न असणार, त्याखाली जे जे आलं त्याची एक मोट बांधलीत. व्हर्जिनिया ब्रॉन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांचा २००६ चा लेख तुम्ही वाचला असेलच, थीमवाले सगळे तोच दाखवतात. नंतरच्या लेखनात त्या दोघी हेच कानीकपाळी ओरडतायत की विषयवार गोषवारा वेगळा आणि थीम वेगळी. मी विद्यार्थ्यांना एक साधी युक्ती सांगतो: शीर्षकाचं पूर्ण वाक्य करा आणि त्याच्याशी कुणाला भांडता येईल का बघा. "देखभालीतील अडचणी" याच्याशी कोण भांडणार? "त्रास होतो हे कबूल केलं तर माया कमी पडली असं ठरेल, म्हणून त्रास नाकारला जातो" याच्याशी भांडता येतं. असं काहीतरी म्हणा, मग ते सिद्ध करायला अवतरणं लागतील आणि कुठलं ठेवायचं, कुठलं वगळायचं हेही आपोआप कळेल.

आता स-७. मी ते वाचून खुर्चीत सावरून बसलो आणि तुम्ही पुढच्याच वाक्यात स-१२ कडे निघून गेलात! "औषधं मी देते." साधं विधान. "रात्री उठायचं तेही मीच." हा "च" कुठून आला? औषधांच्या वाक्यात तो नव्हता. म्हणजे घरात दुसरं कुणीतरी आहे, जे रात्री उठू शकलं असतं आणि उठत नाही. नाव न घेता बाई तक्रार करून मोकळी झाली. आणि लगेच, "तसा त्रास काही नाही." नुसतं "त्रास नाही" म्हणाली असती तर विषय संपला असता. "तसा" नाही म्हणतेय. मग कसा आहे? या तीन तुटक वाक्यांत तुमचं अर्धं प्रकरण आहे. आणि गंमत म्हणजे तुम्ही ते अडचणींच्या यादीत टाकलंय, जेव्हा ती चक्क अडचण नाही म्हणतेय.

मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झने १९७३ मध्ये घनवर्णनाबद्दल (कृतीबरोबर तिचा अर्थही टिपणारं वर्णन) लिहिताना तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइलचं उदाहरण घेतलं होतं. दोन पोरांची पापणी मिटते. एकाची आपोआप लवते, दुसरा डोळा मारतो. फोटोत दोघं सारखेच दिसतात. तुमचं प्रकरण सध्या फोटो काढत सुटलंय.

शाईसांडली | मंगळवार, सकाळी ९:३०

बाप रे. तो "च" मी किमान वीस वेळा वाचला असेन. दिसला नाही.

पण मग हे सगळं लिहिताना करायचं? विश्लेषण तर संपवून बसले होते. पुन्हा मागे जायचं?

तिसरा_मसुदा | मंगळवार, सकाळी ९:४८

जायचं. ब्रॉन-क्लार्कनी थीम काढण्याचे जे सहा टप्पे सांगितलेत, त्यांतला सहावा टप्पाच मुळी अहवाल लिहिणं हा आहे. तो विश्लेषणाच्या आत आहे, त्याच्या नंतर नाही. लिहायला बसल्यावर थीम फुटतात, दोन एकमेकींत शिरतात. सहाच्या तीन झाल्या तर घाबरू नका, सहाच्या नऊ झाल्या तर मात्र घाबरा.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी १०:२२

मी संख्याशास्त्रवाला, त्यामुळे दबकतच आलोय. १८ माणसांवरून काय सिद्ध होणार हा माझा नेहमीचा प्रश्न, तो सोडून देतो. पण किमान "६७ टक्के सहभागींनी" असं तरी लिहा. "अनेक", "बहुतेक", "काही" म्हणजे नक्की किती? हे वाचताना माझा जीव गुदमरतो.

पानगळ | मंगळवार, सकाळी ११:०५

@आकडेमोड, निम्मं पटलं. "अनेक" आणि "बहुतेक" मिठासारखे पेरलेले असतात हे खरं आहे. पण टक्के नकोतच. १८ पैकी १२ ला ६७ टक्के म्हटलं की वाचणारा मनात शेकडो माणसं धरतो. शिवाय उरलेल्या सहा जणांनी तो विषय काढलाच नसेल तर? ठरावीक प्रश्नावली नसते ना इथे, गप्पा जातील तसे प्रश्न जातात. जो बोलला नाही त्याला तसं वाटत नाही असं धरता येत नाही. मी स्वतः कधीकधी "१८ पैकी १२ जणांच्या बोलण्यात हे आलं" असं सरळ लिहिते. काहींना तेही खपत नाही.

आणि १८ वरून "इतक्या लोकांना असं वाटतं" असा दावा करायचाच नसतो. असं वाटणं घडतं कसं, कशाला लागून येतं, कुठे अडतं, हे दाखवायचं असतं.

@शाईसांडली, पद्धतीच्या प्रकरणात "१२ व्या मुलाखतीनंतर संपृक्तता आढळली" (म्हणजे आता नवीन काही निघेना) असं वाक्य आहे का हो? मी पैज लावते, आहे.

शाईसांडली | मंगळवार, सकाळी ११:२०

आहे. 🙈 संदर्भासकट.

पानगळ | मंगळवार, दुपारी १२:४०

जिंकले. तो १२ चा आकडा ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या लेखातून सगळीकडे पसरला. त्यांनी घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखती पुन्हा तपासल्या आणि पाहिलं की बहुतेक कोड पहिल्या १२ मध्येच येऊन गेले होते. पण त्या स्त्रिया बऱ्याच एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि सगळ्यांना साधारण तेच प्रश्न विचारले होते. तुमच्याकडे नवऱ्याचं बघणारी बायको, वडिलांचं बघणारा मुलगा, सगळे एका पोत्यात असतील तर तो १२ तुमचा नाही.

मुळात संपृक्तता ही ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांची, १९६७ ची कल्पना. डेटावरून सिद्धांत बांधताना, नवीन माणसांकडून त्या सिद्धांतात भर पडेनाशी झाली की थांबा, असं ते म्हणत होते. तुम्ही सिद्धांत बांधतच नसाल तर तो शब्द उसना आणून शोभेला लावू नका. १८ वर का थांबलात ते खरं लिहा. वेळ संपला म्हणून थांबला असाल तर तसं लिहा, आणि १५ ते १८ मध्ये नवीन काय आलं, काय आलं नाही हेही.

हाताशी लागलंय म्हणून अजून एक. "थीम उदयास आल्या" हे वाक्य असेल तर काढा. सूर्य आहेत का त्या? २१२ कोडांचे गठ्ठे तुम्ही केलेत, तुम्ही मोडलेत, तुम्ही नावं दिलीत. "प्रस्तुत संशोधिकेस असे आढळून आले" हाही त्यातलाच प्रकार. "मी" लिहा. विद्यापीठाचा साचा आडवा आला तर गाईडला विचारा, पण निदान मसुदा तरी "मी"मध्ये लिहा. "माहितीचे संकलन करण्यात आले" असं लिहिलं की कोण कुणाच्या घरी जाऊन बसलं होतं हे माणूस स्वतःच विसरतो.

वाचनवेडा | मंगळवार, दुपारी १२:५५

"सूर्य आहेत का त्या" 😂 माझ्या प्रबंधात सात सूर्य आहेत.

लिंबोणी | मंगळवार, दुपारी ३:१०

(प्रतिसाद काढून टाकला आहे. चुकून दोनदा पडला.)

लिंबोणी | मंगळवार, दुपारी ३:१२

"मी" लिहिण्यावरून आठवलं. शाईसांडली, तुम्ही स्वतः कुणाचं असं केलंय का? विषय निवडण्यावरून वाटलं. केलं असेल तर ते लिहिलंय का कुठे?

शाईसांडली | मंगळवार, दुपारी ४:०२

हो. आईचं, तीन वर्षं. प्रबंधात एक परिच्छेद आहे, "संशोधिकेची भूमिका" असा. त्यात माझं शिक्षण, नोकरी, आणि "संशोधिकेस या विषयाचा वैयक्तिक अनुभव आहे". बस.

लिंबोणी | मंगळवार, दुपारी ४:४५

हा बायोडेटा झाला. तुमच्या त्या तीन वर्षांमुळे मुलाखतीत काय बदललं ते हवं.

माझं सांगते. मी शाळेत शिकवत होते आणि शिक्षकांच्याच मुलाखती घेतल्या. प्रतिलेखनं वाचताना कळलं की लोक वाक्य अर्ध्यावर सोडून "तुम्हाला तर माहीतच आहे" म्हणतात आणि मी "हो हो" म्हणून पुढे जाते. मोजलं, १४ ठिकाणी निघालं. नेमक्या त्याच जागा माझ्या प्रश्नाच्या मर्माच्या होत्या! तेव्हा हात बांधल्यासारखं वाटलं. पाच जणांकडे परत गेले, "मला माहीत नाही असं धरा आणि सांगा" म्हटलं. तिघांनी जे सांगितलं ते मी गृहीत धरलं होतं तसं नव्हतं. हे सगळं पद्धतीच्या प्रकरणात लिहून टाकलं, १४ चा आकडाही. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेच पान उघडलं आणि निम्मा वेळ त्यावर गेला. मला वाटलं होतं झाडणार. उलट म्हणाले, बाकीच्या पानांवर आता माझा विश्वास बसला.

गुणात्मक संशोधनावर विश्वास का ठेवावा याचे लिंकन आणि गुबा यांचे १९८५ चे चार निकष (ग्राह्यता, संक्रमणीयता वगैरे) प्रत्येक प्रबंधात व्याख्येसकट चिकटवलेले असतात. व्याख्या कुणीच वाचत नाही. तुम्ही काय केलंत ते सांगा.

शाईसांडली | मंगळवार, दुपारी ४:५८

कोरेकची यादी (गुणात्मक संशोधनाच्या अहवालात काय काय सांगावं याची) भरून जोडली तर हे सगळं त्यात येत नाही का? त्याच क्रमाने पद्धतीचं प्रकरण लिहावं असा विचार होता.

पानगळ | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

कोरेक (२००७, ३२ मुद्दे) मुलाखती आणि गटचर्चांसाठी आहे, चांगली आहे, नियतकालिकं मागतातही. पण ती शेवटी हातात घ्या. मुलाखत कोणी घेतली, सहभागींशी आधीची ओळख होती का, किती जणांनी नकार दिला, तिथे तिसरं कुणी बसलं होतं का, असं सुटलेलं सापडतं. तुमच्या बाबतीत "तिसरं कुणी" फार महत्त्वाचं, कारण आजारी माणूस शेजारच्या खोलीत ऐकत असणार. यादीच्या क्रमाने प्रकरण लिहिलंत तर मात्र शिधापत्रिकेचा अर्ज होईल.

चष्मा_कुठाय | मंगळवार, रात्री ८:१५

जरा वेगळा मुद्दा, पण वेळेवर सांगितलेला बरा. परिशिष्टात सहभागींचा तक्ता आहे का? स-१, वय, शिक्षण, व्यवसाय, घरात किती माणसं, आजार कोणता, किती वर्षं? नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं आपण समजतो. पण "वय ५८, निवृत्त, बायकोला अमुक दुर्मिळ आजार" एवढ्यावर नात्यातला कुणीही बोट ठेवेल. आणि मग प्रकरण चारमध्ये स-९ काय म्हणाले ते त्यांची बायको वाचेल.

मानववंशशास्त्रज्ञ नॅन्सी शेपर-ह्यूज यांनी १९७० च्या दशकात आयर्लंडमधल्या एका खेड्यात राहून मानसिक आजारावर अभ्यास केला, १९७९ मध्ये पुस्तक आलं. गावाचं नाव बदललेलं होतं. तरी गावाने स्वतःला ओळखलं आणि प्रत्येकाने एकमेकांनाही ओळखलं. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, त्या परत गेल्या तेव्हा गावाने त्यांना राहू दिलं नाही.

म्हणून: तक्त्यात वयाचे गट द्या, व्यवसाय ढोबळ ठेवा, आणि सगळ्यात बोचरी अवतरणं असतील तिथे स-क्रमांक न देता "एक सहभागी" म्हणा. तसं का केलं हे एकदा पद्धतीत लिहून ठेवा, म्हणजे कुणी लपवाछपवी म्हणणार नाही.

आकडेमोड | मंगळवार, रात्री ८:४०

हे मात्र आमच्याकडेही लागू. तक्त्याच्या रकान्यात एकदोनच माणसं उरली की माणूस ओळखू येतो.

तिसरा_मसुदा | मंगळवार, रात्री ९:०५

शाईसांडली, एक विचारायचं राहिलं. १८ मध्ये असं कुणी आहे का, जे तुमच्या कुठल्याच थीममध्ये बसत नाही?

शाईसांडली | मंगळवार, रात्री ९:२०

आहेत ना. स-११. हे गृहस्थ म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी माझी गरज आहे." सगळी मुलाखत आनंदात. मी ते बाजूला ठेवलंय, "इतर" मध्ये. खरं सांगायचं तर वगळणारच होते.

तिसरा_मसुदा | मंगळवार, रात्री ९:३१

वगळू नका हो! बाकी सतरा जण कुठल्या परिस्थितीत थकतात हे स-११ मुळेच कळेल. त्यांच्याकडे काय आहे जे स-७ कडे नाही? रात्री कोण उठतं त्यांच्या घरी?

शाईसांडली | मंगळवार, रात्री ९:५०

आत्ता उघडून पाहिलं. मुलगी आणि ते, आलटून पालटून. एक रात्र आड.

अंगावर काटा आला.

घुबड | बुधवार, रात्री १:३५

सगळा धागा वाचला. "च" वरची चर्चा आवडली, म्हणूनच दोन शंका.

एक, प्रबंध इंग्रजीत आहे की मराठीत? इंग्रजीत असेल तर "मीच" आणि "तसा" दोन्ही भाषांतरात गळून पडणार. "मी उठते, काही प्रॉब्लेम नाही" एवढंच उरेल आणि तुमचं सगळं विश्लेषण हवेत लटकेल. मूळ मराठी वाक्य ठेवा, खाली भाषांतर द्या आणि कुठला शब्द का अवघड आहे ते दोन ओळींत सांगा. भाषांतर कोणी केलं हेही.

दोन, प्रतिलेखन तुम्ही केलंत की कुणाकडून करून घेतलंत? रेकॉर्डिंगवर हे असंच्या असं आहे का? आणि या उत्तराच्या आधी तुम्ही काय विचारलं होतं? अवतरणात प्रश्न दिसत नाहीये.

शाईसांडली | बुधवार, सकाळी ६:४०

झोप आली नाही, घुबडरावांची कृपा. प्रबंध मराठीत आहे, म्हणून पहिली शंका मिटली. प्रतिलेखन पैसे देऊन करून घेतलं होतं. स-७ चं रेकॉर्डिंग काढून ते दीड मिनिट आठ-दहा वेळा ऐकलं. जसं आहे तसं लिहिते:

स-७: औषधं मी देते. रात्री उठायचं... (भांड्याचा आवाज) तेही मीच.
मी: पण तुम्हाला त्याचा तसा त्रास होत नाही ना?
(पाच सेकंद काहीच नाही.)
स-७: तसा... त्रास काही नाही.

प्रतिलेखन करणाऱ्याने माझा प्रश्न गाळला आणि दोन उत्तरं जोडून टाकली. "तसा" माझा आहे. "त्रास" पण माझाच. तिने फक्त माझे शब्द मला परत केले.

तिसरा_मसुदा | बुधवार, सकाळी ७:०२

माझा वरचा "तसा"वरचा सगळा परिच्छेद बाद. "च" तेवढा वाचला. चहा न घेताच जाग आली आज.

लिंबोणी | बुधवार, सकाळी ७:३०

आणि "तसा त्रास होत नाही ना" हे तुम्ही का विचारलंत? आईचं करताना तुम्हाला कुणी विचारायचं का असं?

शाईसांडली | बुधवार, सकाळी ८:१५

मावशी विचारायची. दर रविवारी फोनवर, याच शब्दांत. मीही "नाही" म्हणायचे.

बाकी १७ मुलाखतींत शोधतेय. आतापर्यंत चार रेकॉर्डिंग ऐकून झाली, तिघांना मी हाच प्रश्न विचारलाय, "ना" सकट. स-११ ना विचारलेला नाही. ४.३ काढून टाकलं. त्या जागी नवीन पान सुरू केलंय, पहिलं वाक्य एवढंच झालंय: "त्रास होतो का, असे मी सहभागींना विचारले नाही, त्रास होत नाही ना, असे विचारले."

उरलेली १३ ऐकून झाली की येते.